डावी पाकळी

मामंजी, परवा तुमचं तेरावं झालं आणि पंगतीत माणसं हसत होती. गंभीर चेहरा करून बसायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण पहिलं वाढप व्हायच्या आतच कुणीतरी तुमच्या म्हशीची गोष्ट काढली आणि मग कुणाला आवरेना. म्हैस विकावी की ठेवावी म्हणून तुम्ही कौल लावलात, तर देवाने विक म्हणून सांगितलं. "त्याला नीट ऐकू गेला न्हाय," असं म्हणून तुम्ही पुन्हा लावलात, पुन्हा तेच. तेव्हा म्हशीचं दावं सोडून तिला त्याच्यासमोर उभी केलीत आणि म्हणालात, "आता हिच्या तोंडाकडं बघून सांग." मग मात्र देवाचा विचार बदलला. ओटीवर बसलेले आपले होडीवाले हसनमियाँ तांडेल हे ऐकून इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ते रडायला लागले. मी स्वयंपाकघरात पळाले आणि पदरात तोंड घालून मीही तेच केलं. आत्याबाई म्हणाल्या, "रड हवी तेवढी, पन भाताकडं बघ. करपंल." तुमच्या बायकोने तुमच्या तेराव्यालाही भात करपू दिला नाही, हे तुम्हाला कळवते.

हे लिहिलेलं कुणा परक्याच्या हाती पडलं तर त्याला आपला राखणदार माहीत असायला हवा. आगरदांड्याच्या बंदरापासून थोडं आत आपली सुपारीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीच्या अंगाला उंडीचं झाड आणि झाडाखाली एक काळा उभा दगड. तो राखणदार. माडांना, सुपारीला, माणसांना आणि गुरांना सांभाळणं हे त्याचं काम, आणि घरातली बारीकसारीक गोष्ट त्याला कळवत राहणं हे तुमचं. मोठा प्रश्न आला की तुम्ही त्याला कौल लावायचात. जास्वंदीच्या दोन पाकळ्या विहिरीच्या पाण्यात बुडवून त्याच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. या घरात लग्नं, बी-बियाणं, आजारपण, भांडणं सगळं त्या पाकळ्यांवर ठरत आलंय.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. माझे वडील पेणला मास्तर. आमच्याही घरी देव होते, पण ते कोनाड्यात गप्प बसणारे. इथे आले तर पहिल्याच संध्याकाळी एक उंच, पानाने तोंड लालभडक झालेला माणूस झाडाखाली उभा राहून दगडाशी खड्या आवाजात बोलतोय! "म्हाराजा, सूनबाय आली. पेनची हाय. शिकलेली हाय. बारीक हाय, पन होईल नीट. तिच्यावर लक्ष ठेव." मी खिडकीतून ऐकत होते. मला वाटलं, कुठे येऊन पडले मी.

रोज दिवेलागणीला हा कार्यक्रम. मुंबईला छापखान्यात असलेला मुलगा, सासरी नांदणाऱ्या मुली, त्यांची पोरं, गाय, तिचं वासरू, सगळ्यांची नावं घेऊन ज्याची त्याची खबर. आवाज असा की माडाच्या शेंड्यावरच्या कावळ्यालाही आपल्या घरचं सगळं पाठ असेल. मला दिवस राहिल्याचं मी सकाळी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी दुपारी तुम्हाला सांगितलं. संध्याकाळी तुम्ही राखणदाराला सांगितलंत, "म्हाराजा, सूनबायला दिस गेलंत, मळमळतंय तिला, आंबट मागतेय, सांभाळ!" दिव्याची वात मोठी करेपर्यंत शेजारच्या वाडीतून बिंबलांच्या लोणच्याची बरणी येऊन पोचली. मी लाजेने चुलीमागून बाहेर आले नाही. तुम्ही मात्र ओटीवरून आत्याबाईंना म्हणालात, "बघ, कसा लगेच पावला."

आणि माझा चहा. या घरात तेव्हा चहा कुणी घेत नसे. मला माहेरी सकाळी कपभर चहाची सवय, तो मिळेना म्हणून पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं की मी कपाळाला पट्टी बांधून भाकऱ्या थापत होते. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं काही. तुम्ही मला समोर बसवून सरळ विचारलंत आणि मीही सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुरूडपर्यंत चालत जाऊन चहाची पुडी घेऊन आलात. संध्याकाळी राखणदाराला खबर गेली, "सूनबाय चहा पिते. सवय वाईट हाय, पन तिचीच हाय. तिला पिऊ दे." मी तेव्हा चुलीपाशी बसून कप तोंडाला लावून हसत होते. या घरात मी राहू शकेन, असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या संध्याकाळी.

तुमचं-माझं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, दगड तो दगड. पाकळीत पाणी जास्त असलं तर ती उशिरा सुटणार, कमी असलं तर लवकर. यात देव कुठे आला? तुम्ही कधी रागावला नाहीत. अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणायचात, "तू नको मानूस. तो मानतो तुला. तेवढा पुरे हाय." आता याच्यावर काय बोलायचं माणसाने?

माझी शालू घरभर दुडदुडायला लागली तेव्हाची गोष्ट. हसनमियाँनी तरीवरून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या त्यांच्या होडीवरून, बातमी आणली की खाडीपलीकडे दिघीला शाळेत मास्तरीण हवी आहे. गुरुजी आहेत म्हणून लोक मुली पाठवत नाहीत, बाई असेल तर पाठवतील. मी सातवीची फायनल पास होते. ती नोकरी मला किती हवी होती हे मी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पण तुम्हाला ठाऊक होतं. वाण्याकडून आलेल्या पुड्या सोडून, कागद मांडीवर सपाट करून मी वाचत बसायचे, ते तुम्ही पाहिलं होतं. कधीपासून कोण जाणे, तुम्ही पुडी माझ्या हातात देताना वरचा दोरा आधीच सोडून देत होतात.

बातमी आली त्या दिवशी ओटीवर तुमचे धाकटे भाऊ, आमचे काका, बसले होते. त्यांचं घर पलीकडच्या गल्लीत, पण जेवण सोडलं तर सगळा दिवस आपल्याच ओटीवर. ते कडाडले, "घरची सून रोज दहा परक्यांच्या संगती तरीत बसनार? पान्यात काय झाला म्हंजे? लोक काय म्हनतील?" तुमचा मुलगा, माझा नवरा, मुंबईहून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, बाबा सांगतील तसं. काकांनी मग शेवटचं काढलं, "राखनदाराला इचारा. त्याच्या म्होरं कुनाचा काय चालत न्हाय."

त्या संध्याकाळी तुम्ही दिवा लावलात आणि सगळ्यांची नावं घेतलीत. गाईचं घेतलंत. माझं घेतलं नाहीत. मी आत भांडी घासत होते, राख हातातच राहिली. देव मानत नव्हते तरी माझं नाव त्या यादीतून गळलं ते मला लागलं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून, ओल्या पंचाने उंडीखाली गेलात. हातात तांब्या, जास्वंदीचं फूल आणि सहाणेवरचं गंध. मागे काका, तुमचा मुलगा, शेजारची दोन-चार माणसं, दाराशी शालूला कडेवर घेऊन आत्याबाई. मी पाणी भरायचं निमित्त करून विहिरीवर उभी. तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले होतात. पाठ आमच्याकडे. मग बाजूला झालात. काळ्या दगडावर दोन लाल पाकळ्या. माझ्या हातातला दोर भिजून गार झाला होता, बोटं वळत नव्हती. वारा नव्हता. आणि उजवी पाकळी हळूच सुटली आणि खाली पडली.

"उजवी!" तुमचा मुलगा ओरडला. काकांना ते पटेना. "दादा, परत लावा. म्हशीच्या येळंला परत परत लावलात."

"ती म्हस होती," तुम्ही म्हणालात. "देव काय ल्हान पोर हाय, त्याला सारखा सारखा इचारायला?"

आणि तरातरा घरात निघून गेलात. मी रिकामी कळशी डोक्यावर घेऊन तुमच्यामागून आत आले. घरात आल्यावर लक्षात आलं, पाणी भरलंच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, मामंजी, आणि पुढचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फुलं ठेवायला उंडीखाली गेले. उजवा खांदा मोकळा होता. डाव्या खांद्यावर पाकळी अजून होती. रात्रभर वारा सुटला होता, दव पडलं होतं, पण ती जागची हलली नव्हती. नखाने ओढली तर निघेना. खरवडली तेव्हा खाली हे एवढं दाट, सुकलेलं गंध निघालं. वडिलांनी आम्हाला डिंकाने पुस्तकं चिकटवायला शिकवलं होतं, तेही इतकं पक्कं बसत नसे.

मी ते सगळं पुसून काढलं. मागे वळले तर तुम्ही उभे.

"डावी कुठं गेली?" तुम्ही विचारलंत.

"पडली," मी म्हणाले.

"कवा?"

"पहाटे. वाऱ्याने."

तुम्ही माझ्या बोटांकडे पाहिलंत. त्यांना चंदनाचा वास येत होता, तो तुमच्यापर्यंत पोचला नसेल असं मला वाटत नाही. "बरा झाला," असं म्हणून तुम्ही विहिरीवर गेलात. त्यानंतर एवढी वर्षं आपण एका घरात राहिलो, रोज बोललो, रोज भांडलो, पण त्या पाकळीबद्दल तुम्हीही अवाक्षर काढलं नाहीत आणि मीही नाही. खोटं कधी न बोलणारा माणूस तुम्ही. त्यातून देवाशी! माझ्यासाठी तुम्ही त्याला फसवलंत, आणि मी मात्र तुमच्याशी तो देव नाहीच म्हणून वाद घालत राहिले.

शाळेचा पहिला दिवस आठवतो? मला धक्क्यावर सोडायला म्हणून आलात आणि छत्री घेऊन माझ्याआधी तरीत चढून बसलात. होडी माणसांनी भरली, शीड वर गेलं, तरी तुमचं डोळे मिटून पुटपुटणं संपेना. हसनमियाँ शेवटी म्हणाले, "दादा, तुमच्या देवाला सांगून झालं असंल तर मी अल्लाचं नाव घेतो आनि सोडतो." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तुझा आधी घे, खाडी तुझ्या वळकीची हाय." सगळी होडी हसली. माझी भीती तिथेच पाण्यात पडली. शाळेत पोचल्यावर तुम्ही बाहेर वडाच्या पारावर बसून स्तोत्रं म्हणायला लागलात, इतक्या मोठ्याने की माझ्या वर्गातल्या मुली मी फळ्यावर काढलेलं अक्षर सोडून तुमच्यामागून म्हणायला लागल्या. दुपारी मला हात जोडून सांगावं लागलं, मामंजी, उद्यापासून धक्क्यापर्यंतच. तुम्ही ऐकलंत. पण पहाटेच्या पूजेत एक वाक्य वाढलं, ते शेवटपर्यंत राहिलं. "सूनबाय पान्यात हाय, तिला पल्याड पोचव." मी घरात चहा पीत असले तरी.

त्याच सुमाराला तुम्ही पान सोडलंत. सगळं गाव बुचकळ्यात पडलं. स्वतःची सुपारीची वाडी, अंगणभर सुपारी वाळत घातलेली, पितळेचा डबा चकचकीत, आणि मालक पान खात नाही! जेवणं झाली की डबा पुढ्यात घेऊन बसायचात, सुपारी अशी कातरायचात की कागदासारखी पातळ, पानाला चुना लावून विडे करायचात आणि येईल त्याच्या हातावर ठेवायचात. स्वतः तोंडात काही नाही. मी विचारलं तर म्हणालात, "दात हलतात." मी म्हटलं, काल तर दाताने ऊस सोलत होतात. "ऊस गोड हाय," तुम्ही म्हणालात. काका तुम्हाला चिडवायचे, पाहुणे चिडवायचे, जावई तर मुद्दाम समोर बसून मचमच करत खायचे. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचात. एकदा मी पाहिलं, विडा दुसऱ्याला देऊन झाल्यावर तुम्ही बोटं नाकाशी नेलीत आणि मग पंचाला पुसलीत. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी.

वर्षं गेली. तरीत माझ्याबरोबर एक एक करून मुली दिसायला लागल्या, दप्तरं सांभाळत, वेण्या उडवत. पुढे पुढे काकांची नातही माझ्याच वर्गात आली. तिला पहिल्या दिवशी धक्क्यावर सोडायला काका स्वतः आले, छत्री घेऊन. तुम्ही ओटीवर बसून हे ऐकलंत आणि इतके हसलात की आत्याबाईंना पाणी घेऊन यावं लागलं.

वय विचारलं की तुम्ही म्हणायचात, "प्लेगच्या सालात मी माडावर चढत होतो, पुढचा तुम्ही करा हिशोब." तो हिशोब शेवटच्या दोन वर्षांत तुमच्या कमरेत उतरला. वाकता येईना. मग तुम्ही उंडीखाली खुर्चीत बसायचात आणि राखणदाराला आंघोळ मी घालायची. "कानामागं पूस," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, दगडाला कान कुठले? "एवढी वर्सं ऐकतोय, कान न्हायत कसे?" आणि मी, फायनल पास बाई, शाळेत मुलांना वारा का वाहतो आणि भरती-ओहोटी कशी होते ते शिकवणारी, काळ्या दगडाच्या कानामागे ओलं फडकं फिरवत होते. शाळेत कुणी पाहिलं असतं तर!

माघात तुम्ही अंथरुणाला टेकलात आणि फार वेळ लावला नाहीत. ओटीवरच्या खाटेवरून अंगणातली सुपारी दिसत होती. सगळे भोवती होते, तुम्हाला हवे तसे. नावं घ्यायला आवाज उरला नव्हता, पण ओठ हलत होते, आणि आत्याबाई म्हणाल्या, "आता गाईपर्यंत आलेत." शेवटी खुणेने जवळ बोलावून तुम्ही मला कुजबुजत विचारलंत, "शालूचा काय ठरला?" शालूला मॅट्रिक झाल्यावर मुंबईला जाऊन नर्स व्हायचंय, आणि काकांनी त्यावरही आभाळ डोक्यावर घेतलंय, हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, काही ठरलं नाही. तुम्ही म्हणालात, "म्हाराजाला इचारा." आणि माझ्याकडे बघून हसलात. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते परवा. पंगतीच्या आधी तुमच्या नावाचं पान वाढलं. तुमचं आवडतं सगळं त्यात होतं, घावन, नारळाचा रस, काळ्या वाटाण्याची आमटी. मी पितळेच्या डब्यातून विडा काढून कडेला ठेवायला गेले, पूर्वी आवडायचं म्हणून. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"न्हाय. पान नको ठेवूस. त्यांचा नेम मोडंल."

"कसला नेम? दातांमुळे सोडलं होतं ना?"

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढी शिकलेली तू, आनि तुला दात खरे वाटले? तुझ्या नोकरीचा कौल लावलानी ना, त्या सांजेला हातातला विडा मला दिलानी. म्हनाले, आज मी त्याला फसवलाय. आता लाल तोंड घेऊन त्याच्या म्होरं कसा उभा ऱ्हाऊ?"

मी विडा डब्यात परत ठेवला. त्या पुढे सांगत होत्या, "मी म्हटला, एवढा लागलाय जिवाला तर जाऊन सांगून टाका त्याला. तर म्हनतात, सांगितला तर तो उजवी मागं घेईल. सूनबायची शाळा जाईल. त्यापरीस मी पान सोडतो, आनि तो गप ऱ्हाईल. दोघांचा फिटला."

तुम्ही देवाशी सौदा केलात, मामंजी. माझ्या शाळेसाठी. आणि तोही राखणदाराने पाळला, असं तुम्ही मानत होतात. मी दगडाला दगड म्हणत राहिले, आणि तुम्ही रोज रात्री जेवणानंतर सुपारी कातरून दुसऱ्यांच्या हातावर ठेवत राहिलात. मला राग आला. खरंच आला. एकदा तरी सांगायचंत. मी तुम्हाला एक विडा नाही का करून दिला असता, दाराआड उभं राहून, राखणदाराला दिसणार नाही असा? मग लक्षात आलं की तुम्ही तो खाल्ला नसता, आणि राग गेला. त्यानंतर मी जी रडले त्यात दुःख फार नव्हतं. एवढं प्रेम आपल्या वाट्याला आलं होतं आणि आपण रोज त्याच्या बाजूने चालत होतो, याचं काय करावं ते कळत नव्हतं.

काल सकाळी, माणसं पांगायच्या आत, काकांनी विषय काढला. आता तेच घरातले वडीलधारे. "पोर मुंबैला, इस्पितळात, परक्यांची आजारपनं काढायला जानार. दादा असता तर त्याने राखनदाराला इचारला असता." तुमचा मुलगा म्हणाला, विचारूया. शालू दाराशी उभी होती, मी विहिरीवर उभी होते तशीच, दोन्ही हातांनी चौकट धरून. पण कौल लावणार कोण? काकांचे हात थरथरतात, पाकळ्या लावायच्या आधीच पडतील. तुमच्या मुलाला राखणदाराचा उजवा खांदा त्याच्या बाजूने धरायचा की आपल्या, हेही माहीत नाही. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाय लावील. दोन वर्सं त्याचे कान तीच पुसते."

मी आत जाऊन सहाण घेतली. चंदनाचं खोड घेतलं. पाणी घालून उगाळायला बसले. पाणी जास्त पडत होतं, गंध पातळ होत होतं. आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दाट उगाळ."

मी वाकले, सगळ्यांकडे पाठ करून. राखणदार समोर होता, ओला, काळा, नेहमीसारखा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते तुम्हाला तो सांगेल. मग बाजूला झाले. शालूने डोळे मिटले होते. आणि उजवी पाकळी सुटली, मामंजी, अशी सुटली की जणू वाटच बघत होती.

"परत लावा," काका म्हणाले.

"देव काय ल्हान पोर हाय?" आत्याबाई म्हणाल्या.

काका डावीकडे बघत राहिले. पाकळी जागची हलत नव्हती. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आत्याबाईंकडे. आणि त्या माणसाच्या तोंडावर, कधी नव्हे ते, हसू आलं. "वहिनी," ते म्हणाले, "ह्या घरात सुनांचा नि पोरींचा कौल आला की देव लय लवकर बोलतो." शालूच्या डोक्यावर हात ठेवून ते घरी जेवायला गेले. शालू मला येऊन बिलगली. तिला काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. एक दिवस पाकळी पुसायला तीच जाईल तेव्हा कळेल.

संध्याकाळी दिवा मी लावला. तुमच्याएवढा आवाज माझा नाही, पण वर्गात ओरडायची सवय आहे, कावळ्यांपर्यंत गेला असावा. सगळ्यांची नावं घेतली. गाईचं घेतलं. तुमचंही घेतलं, फक्त कुठे आहात ते सांगता येईना, म्हणून म्हटलं, "ते तुझ्याकडंच आलेत, त्यांच्या तोंडाकडे बघ, पान दे त्यांना आता."

आज सकाळी आत्याबाईंनी नेहमीसारखा चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी तो उचलून त्यांच्या हातात परत दिला आणि म्हटलं, आजपासून नको. त्यांनी मला काही विचारलं नाही. कप घेतला, चुलीपाशी बसून स्वतःच प्यायल्या, आणि पदराने डोळे पुसले. तुम्हीही विचारू नका. देव मानत नाही ती बाई देवासाठी चहा कशी सोडते, हे भांडण आपण भेटल्यावर करू.

तरीत बसले तेव्हा हसनमियाँनी विचारलं, बाई, आज तोंड का उतरलंय? मी म्हटलं, डोकं ठणकतंय. शाळेत ठणकत होतं, आता लिहितानाही ठणकतंय. तुम्ही पहिले काही दिवस कसे काढलेत, मामंजी, तेवढं विचारायचं राहून गेलं.